दोन जीबीचा संसार

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, आत दोन जीबी रॅम आहे आणि बाहेर अमळनेरचा मे महिना आहे. क्रोम ब्राउझरवर क्लिक करायचं, माठाकडे जायचं, पेलाभर पाणी प्यायचं, दारात कोण आलंय ते बघायचं आणि परत यायचं. तोवर खिडकी उघडलेली असते, पण पांढरीफटक. शिवाय वर एक पट्टी: यापुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल. कामाचं पान यायला दुसरा पेला लागतो, पट्टी मात्र पहिल्या घोटाला हजर.

दुसरा ब्राउझर बघावा, असं मी घरातल्या घरात पुटपुटलो. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं.

पुण्याच्या भाच्याचा फोन आला, "मामा, ब्रेव्ह टाका. जाहिराती आपोआप अडवतो." क्लास घेणारे शेजारचे सर ऑपेरावाले, त्यांनी ओसरीवर बसून त्याचे गुण सांगितले आणि दोन चहा घेतले. दुकानातला पोरगा म्हणाला, "भाऊ, एज घ्या, हलकं आहे." आणि तिघांचंही एका गोष्टीवर एकमत, की बाकीचे दोघे मला फसवताहेत.

मग मी स्वतः वाचायला बसलो आणि गंमत कळली. ब्रेव्ह, ऑपेरा, एज, विवाल्डी हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच सगळ्यांना खुल्या असलेल्या सांगाड्यावर, उभे आहेत. म्हणजे क्रोमच्या पोटात पान उभं करणारं जे इंजिन, तेच यांच्या. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो नावाचं इंजिन होतं, ते त्यांनी २०१३ साली सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टनेही एजचं घरचं इंजिन टाकून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवाला एज आणला. हायवेला ओळीने ढाबे असावेत, प्रत्येकाची पाटी वेगळी, आणि शेवभाजीचा रस्सा मात्र सगळीकडे एकाच पातेल्यातून यावा, तसला हा प्रकार. शेव कुणी जाड टाकतो, कुणी बारीक. त्यावर सर आणि भाचा भांडताहेत.

बरं, रस्सा एकच असल्याचा तोटा असा, की चूल विझली की सगळ्याच ढाब्यांवर ठणठणाट. क्रोमने १०९ या आवृत्तीनंतर, २०२३ च्या सुरुवातीला, विंडोज ७ ची साथ सोडली. एजही १०९ वरच थांबला. म्हणजे तिघांचा सल्ला ऐकला असता तरी माझी पट्टी बदलली असती, दुखणं तेच.

रॅमची भानगड वेगळीच. क्रोमच्या घराण्यात शक्यतो प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे आपला वेगळा चालता प्रोग्रॅम, मिळते आणि प्रत्येक जण रॅमचा वेगळा वाटा मागतो. एक पान कोसळलं तर बाकीची तगावीत, हा त्यातला शहाणपणा. सोळा जीबीवाल्यांना तो शोभतो. आमच्याकडे एका टॅबमध्ये कापसाचे भाव, दुसऱ्यात सातबारा आणि तिसऱ्यात सौ.चा कळण्याच्या भाकरीचा व्हिडिओ. तिला भाकरी उत्तम येते. व्हिडिओतली बाई कुठे चुकते ते बघायला ती लावते. तो टॅब बंद करा म्हणायची हिंमत माझ्यात नाही. त्यापेक्षा रॅम वाढवणं सोपं.

वेगळी चूल फायरफॉक्सची. त्याचं इंजिन गेको, मागे मोझिला. विंडोज ७ वाल्यांसाठी त्यांनी ११५ ही ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची, आवृत्ती ठेवली आणि मुदत संपत आली की ती पुन्हा पुन्हा वाढवून दिली. ही आवृत्ती नवीन नखरे करत नाही, मुदत असेपर्यंत सुरक्षेची डागडुजी तेवढी येते. मी ती टाकली. भाच्याला सांगितल्यावर तो "बरं" म्हणाला. पुण्यात "बरं"चा अर्थ फार वाईट असतो. पण पट्टी गेली, आणि काम पहिल्या पेल्यात होऊ लागलं.

आता मी निवांत, तोच एका सरकारी संकेतस्थळाशी गाठ पडली. फायरफॉक्समध्ये फॉर्म भरला तरी "पुढे जा"चं बटण ढिम्म. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं: हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल. अहो, इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११, त्यात तो मुळातच नाही. सरांच्याकडे क्लिक केलं की एज उघडतं. आमच्या विंडोज ७ वर मात्र तो निळा 'ई' कोपऱ्यात तसाच बसून होता. उघडला. बटण चाललं! बँकेचं काही त्यात करायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दारात. हातात कागद, काखेत पिशवी.

"भाऊ, तुन्हा डबडावर उघडस म्हने ते पान? मन्हा पोऱ्याना नवा लॅपटॉप काही कामना नही."

पिशवीत कैऱ्या होत्या. त्यांच्यामागून सर आले, मग दुकानातला पोरगाही गिऱ्हाइकाचा फॉर्म घेऊन आला. सगळ्यांना मी आधी माठातलं पाणी दिलं. वेळ लागणारच होता.

नव्या मशीनवर एजच्या सेटिंगमध्ये आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड नावाची सोय आहे, आणि ती चालू केली की असली जुनाट पानं बहुधा तिथेच उघडतात, हे मला ठाऊक आहे. गल्लीत अजून कोणाला बोललेलो नाही. सौ.चं लोणचं भरून होऊ दे.