तणनाशक तुमचं, जळते माझी सांदवाडी

आज मला कोणी "जाऊ दे न" म्हणू नका. परवापासून तेच ऐकून डोकं फिरलंय.

माझ्या सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीला, लागून ज्यांचं वावर आहे, त्यांनी या वर्षी पुन्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलं. तेही भर दुपारी. वारा असा की दोरीवरची लुगडी फडफडत होती, आणि वाऱ्याची दिशा त्यांच्या वावरातून सरळ माझ्या वेलांच्या मांडवाकडे. घरात तो घशाला लागणारा उग्र वास आला म्हणून मी हातातलं काम टाकून धावत मागे गेले. कुडाजवळून ओरडले, "भाऊ, काय करून राह्यले? इकडे येऊन राह्यलं सारं!" पंपाची दांडी खालीसुद्धा केली नाही त्यांनी. म्हणे, "काही होत नाही वहिनी. गवताचं औषध आहे. तुमच्या भेदरायले काय करते?"

काय करते ते आता या आणि बघा.

भेदराच्या, म्हणजे टोमॅटोच्या, झाडांचे शेंडे पिळवटलेत. देठ खाली वळून खोडाला टेकलेत. नवीन फुटलेलं पान हातात धरलं तर पानासारखं लागत नाही. अरुंद, जाड, शिरा सगळ्या एकमेकींजवळ ओढलेल्या. पोपटाच्या शेंगांच्या वेलाला फुलं लागायला नुकती सुरुवात झाली होती, ती देठासकट खाली पडली आहेत. बरबटीचा, म्हणजे चवळीचा, शेंडा वर चढायचा सोडून स्वतःभोवतीच गुंडाळलाय. दोडक्याच्या खोडाला तर चीर गेली आहे, बोट फिरवलं की कळते. मिरच्या अजून उभ्या आहेत, पण त्यांचीही वरची पानं वळायला लागलीत.

कपाशीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. २,४-डी या तणनाशकाचा वारा लागला की पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, अरुंद होतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हाच माणूस, ज्याला माझी भेदरं म्हणजे काहीच वाटत नाही, तो मागे त्याच्या पऱ्हाटीवर दुसऱ्याचा फवारा आला तेव्हा गावभर बोंबलत फिरला होता. भरपाई मागितली होती त्यानं. तेव्हा कुणी त्याला "गवताचं औषध आहे, काही होत नाही" असं सांगितलं असतं तर चाललं असतं का?

आणि गवताचं औषध कशाला म्हणता हो? यांनी मारलेलं २,४-डी गवताला मारतच नाही. ते रुंद पानाच्या झाडांना मारतं, गवतवर्गातल्या पिकांना धक्का लागत नाही, म्हणून तर गहू, ज्वारी, ऊस, मका यांच्यात वापरतात. भेदरं, वांगे, मिरची, शेंगा, सगळे वेल, तूर, कापूस, ही सारी रुंद पानाचीच. म्हणजे माझ्या सांदवाडीत जे जे आहे, नेमकं तेच मारायला ते औषध बनलं आहे. त्यात धुऱ्यावरचं गवतही जळलं पाहिजे म्हणून ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मिसळलं. दुकानदारानंच सांगितलं होतं म्हणे, "दोन्ही टाका भाऊ, मुळापासून जळते." ग्लायफोसेट तर हिरव्या पानावर पडलं की आत उतरून मुळापर्यंत जातं, मग ते झाड गवताचं की दोडक्याचं हे पाहत नाही. दुकानदारानं डब्यावरचं वाचून दाखवलं नाही, यांनी वाचलं नाही, आणि भोगायचं मी.

पंपाचं तर विचारूच नका. कीटकनाशक मारायचा जो बारीक तुषाराचा नोझल असतो, तोच लावून तणनाशक मारतात. त्याचे थेंब धुक्यासारखे बारीक, वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात. तणनाशकासाठी पंख्यासारखा फवारा पडतो असा फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावायचा, त्याला टोपी बसवायची, दांडी जमिनीजवळ धरायची, वारा थांबल्यावर फवारायचं, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे, तिथले लोक मेळाव्यामेळाव्यातून हे सांगतात. ऐकतो कोण? नोझल दोन पैशाची वस्तू आहे. ती बदलायला जेवढा वेळ लागते तेवढ्यात यांचा तंबाखूचा एक खर्रा घोटून होतो.

मजूर मिळत नाही, निंदणाची मजुरी परवडत नाही, हे मला सांगायची गरज नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेलेली बाई आहे. पावसाच्या झडीत आठ आठ दिवस डवरा, म्हणजे कोळपं, चालत नाही, तोवर गवत सोयाबीनच्या डोक्यावर जातं, तेव्हा माणूस हतबल होतो आणि तणनाशकाकडे वळतो हे मला समजतं. लोकं तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणंही लावतात, मान्यता नसताना लावतात. २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं ते उघड पेरून दाखवलं होतं. ती शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मी त्यावर बोट ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या वावरातलं विष तुमच्या वावरात ठेवा. माझ्या घरातल्या जेवणात आणू नका.

कारण सांदवाडी म्हणजे माझं जेवण आहे. हा माझा छंद नाही, शोभेची बाग नाही. शहरात बाया गच्चीवर कुंड्या ठेवतात, चांगलंच करतात, पण माझं तसं नाही. पाऊस लागला की बाजाराला जाणं होत नाही, गेलं तरी दीडशे-दोनशे रुपये भाजीवर उडवायची ऐपत दर आठवड्याला नसते. घरात भाजी येते ती या मांडवावरून. दोडकं, कारलं, पडवळ, कोहळं, वालाच्या शेंगा, अंबाडी, चवळी, मिरची, सांबार (कोथिंबीर), कुडाच्या कडेला धोप्याची (अळूची) पानं. शेणखत मी डोक्यावर वाहिलेलं. मांडवाच्या बल्ल्या मी आणि माझ्या मोठ्या जाऊनं उभ्या केलेल्या. भांडी धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून नाली खोदून आणलेली. यातलं एकही काम कुणाच्या हिशोबात नाही, कारण त्यातून पैसा येत नाही, नुसता खर्च वाचतो. आणि बाईनं वाचवलेला खर्च कुणी मोजत नाही. वावरातलं पऱ्हाटीचं एक झाड जळलं तर नुकसान, सांदवाडी अख्खी जळली तर "दुसरं लाव न".

दुसरं काय लाव? तो दोडका माझ्या माहेरचा आहे. बाजारात मिळणाऱ्या पुडीतला नाही. माझ्या आईनं राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं बी, ते मी लग्नानंतर आणलं आणि दर वर्षी एक चांगला दोडका वेलावर वाळू देऊन त्याचं बी धरत आले. यंदाही बियाण्याचा दोडका राखून ठेवला होता, त्याला चिंधी बांधली होती म्हणजे पोरं तोडणार नाहीत. तो अजून कोवळा होता. वेल आता वाळत चाललाय. ते बी पक्व होणार नाही. हे नुकसान कोण भरून देणार, सांगा?

महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. ज्यांच्या घरी असतात त्यांना माहीत आहे, सोळा भाज्या लागतात नैवेद्याला. आमच्या गल्लीत कुणी त्यासाठी बाजारात जात नाही. माझ्याकडून दोडकं आणि पोपट जातात, समोरच्या काकूंकडून कोहळं येते, माझ्या मैत्रिणीच्या वाडीतून पडवळ आणि अंबाडी. दुपारी ओसरीवर बसून आम्ही त्याचंच बोलत असतो, तुझा वेल किती चढला, माझ्या वांग्याला अळी लागली, राख टाकून बघ. आमचं बोलणं म्हणजे बरंचसं हेच. या वेळी मी काय देऊ त्यांना? आणि ज्या भाजीवर हा फवारा आला ती मी देवीपुढे तरी कशी ठेवू, घरच्या पोरांना तरी कशी खाऊ घालू?

आणि त्याच ओसरीवर मला ऐकावं लागलं, "जाऊ दे न व माय, एका दोडक्यापाई वैर कायले घेतं?" सासूबाई म्हणतात, "शेजारी हाये, उद्या बैल लागला तं त्यायच्याच घरी जा लागते." बरोबर आहे, लागतात शेजारी. पण मग शेजारधर्म एकट्या मीच पाळायचा का? फवारणीच्या आधी एक हाक मारली असती, "वहिनी, उद्या सकाळी धुरा मारणार आहो, झाकून घ्या," तर मी मांडवावर जुन्या साड्या टाकल्या असत्या, वाटीभर चहाही दिला असता. तेवढंही होत नाही.

धुऱ्याचंही एक सांगते, कारण ते फक्त माझं दुखणं नाही. धुऱ्यावरचं गवत म्हणजे कचरा असं ज्यांना वाटते त्यांनी गावातल्या बाईच्या डोळ्यांनी पाहावं. तिथेच तरोटा (टाकळा) येतो, कुंजर येतो, घोळ, केना, तांदुळजा येतो. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं खुडून केलेली भाजी आणि ज्वारीची भाकर हे कितीतरी घरांचं जेवण असतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, फलक लावतो, तरोट्याचे गुणधर्म लिहितो. आणि गावात त्याच तरोट्यावर पंप चालू असतो. आता धुऱ्यावर तरोटा शोधावा लागतो. मिळाला तरी तोडायची भीती वाटते.

भीती का, तर ग्लायफोसेट मारलेलं गवत लगेच पिवळं पडत नाही. चार-पाच दिवस ते हिरवंगार दिसतं. मजुरीवरून परत येताना बाया त्याच धुऱ्यावरून बकऱ्यांसाठी भारा कापून आणतात. त्यांना कोण सांगणार की काल इथे औषध पडलंय? धुऱ्यावर एक काडी रोवून फडकं बांधायचेही कष्ट कुणी घेत नाही. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून बांधावरच्या झाडाच्या बेचक्यात ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. शाळेतून येणारी पोरं त्याच रस्त्यानं जातात, तहानलेली असतात. त्या बाटलीत पॅराक्वाटसारखं तणनाशक असतं तर? त्याला उतारा नाही, डॉक्टरांच्या हातातही काही राहत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, मान्य, पण निष्काळजीपणा हाच होता. त्या वर्षी सगळे घाबरले होते, तोंडाला फडकं बांधून फिरत होते. आता पुन्हा उघड्या अंगानं, अनवाणी, चड्डीवर फवारणी सुरू.

सरकारनं काही केलंच नाही असंही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक फवारणी चालकांमार्फतच वापरावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्येच त्याला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं होतं. माझ्या धुऱ्यावर जो पंप घेऊन उभा होता त्याच्याकडे कसला परवाना? आणि ज्यानं डबा विकला त्यानं कुणाला काय विचारलं?

मी तक्रार केली नाही असंही समजू नका. पिळवटलेली फांदी कागदात गुंडाळून सरकारी कचेरीत घेऊन गेले. तिथे मला विचारलं, "सातबाऱ्यावर पीक काय नोंदवलंय?" सांदवाडी गावठाणात, तिला सातबारा कुठून येणार, घराचा नमुना आठ आहे. मग म्हणाले, पीक नोंद नाही तर पंचनामा कसा करणार, आपसात मिटवा. म्हणजे ज्या जमिनीतून माझं घर जेवते ती जमीन कागदावर शेतीच नाही, आणि तिथे जे उगवते ते पीकच नाही.

आपसात मिटवायचं तर त्यांनी बोलायला तरी आलं पाहिजे ना. परवापासून मला पाहिलं की मोटरसायकल दुसऱ्या गल्लीनं वळवतात.

तर मी ठरवलंय. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे, लेखी अर्ज आधीच देऊन. वस्तीला, विहिरीला, सांदवाडीला लागून तणनाशक मारायचं असेल तर आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचं. वारा असताना पंप काढायचा नाही. फवारलेल्या धुऱ्यावर फडकं बांधायचं. एवढंच लिहिलंय अर्जात. जळलेल्या भेदराच्या फांद्या वाळवून ठेवल्यात, त्या घेऊन जाणार. समोरच्या काकू येते म्हणाल्यात, मैत्रीण नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. बाकीच्या ज्यांच्या ज्यांच्या सांदवाडीचं गेलं आहे, त्यांनी यावं. नाही आल्या तरी मी एकटी उभी राहून बोलणार आहे.