पित्त झालंय हो, भाऊजी

आमच्याकडे लोक दवाखान्याच्या आधी मेडिकलमध्ये येतात. माझं दुकान एसटी स्टँडसमोर, २२ वर्षं झाली. बाई येते, पिशवीतून नवऱ्याच्या बीपीची चिठ्ठी काढते, सासूचं इन्सुलिन घरी पोचेपर्यंत गार कसं ठेवायचं ते दोनदा विचारून घेते आणि पैसे देऊन वळता वळता म्हणते, "आणि मला एक गॅसची गोळी द्या." ही शेवटची गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नसते.

गेल्या मार्गशीर्षात एका गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला. वय ४४. "भाऊजी, पित्त झालंय हो. मळमळतंय, मान आखडलीय, छातीत पण जड जड वाटतंय. उपासाचे साबुदाणा वडे बाधले बहुतेक." काउंटरवर पाच-सहा माणसं उभी होती. मी पोराच्या हातून गोळी आणि सोड्याची पुडी पाठवली आणि विसरून गेलो. आमच्या दादाने फोन करून नुसतं "छातीत जड वाटतंय" म्हटलं असतं, तर मी शटर ओढून गाडी काढली असती. खोटं कशाला बोलू.

दोन तासांनी पुतण्याचा फोन: आई घामाने निथळतेय. ईसीजी काढला, तिथून थेट मिरज. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. वहिनी वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलं ते आलंच.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायचा, मीही पुढे ढकलला होता, की बायकांना अटॅक येतो तेव्हा छातीत दुखतच नाही. माझ्यासारख्याला केवढी सोयीची गोष्ट! दुखत नव्हतं, मग मला कळणार कसं? पण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ ते २०१२ या काळात 'व्हर्गो' नावाचा अभ्यास झाला. त्यात अटॅक येऊन गेलेले १८ ते ५५ वयाचे रुग्ण होते, मुद्दाम बायका जास्त घेतलेल्या. छातीत दुखणं, जड वाटणं, आवळल्यासारखं होणं यातलं काहीतरी ८७ टक्के बायकांनी सांगितलं. पुरुषांनी? ८९.५ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. बाईच्या यादीत मळमळ, धाप, जबडा, पाठ ही जोडीची लक्षणं जास्त असतात, एवढंच. ती चार गोष्टी सांगते आणि ऐकणारा त्यातली आपल्याला सोपी पडेल ती उचलतो. मी पित्त उचललं.

या अभ्यासातले काही जण ॲडमिट होण्याआधीच याच त्रासासाठी डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्यांच्यातल्या ५३ टक्के बायकांनी सांगितलं की, हे हृदयाचं असेल असं डॉक्टरांना वाटलं नाही. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के. डॉक्टरांवर मी सगळं ढकलणार नाही. चाळिशीत अटॅक पुरुषांनाच जास्त येतात हे खरंच आहे. बायकांचा पहिला अटॅक सरासरी आठ-नऊ वर्षं उशिरा येतो. त्यामुळे समोर चाळिशीची बाई असली की कुणाचाही पहिला अंदाज पित्त, गॅस, टेन्शन असाच जातो.

पण "पाळी चालू आहे तोवर हृदयाला धोका नाही" या भरवशाला साखर लागली की तो पोकळ होतो. याच अभ्यासावरून २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष बघा: मधुमेहाने तरुण पुरुषाची अटॅकची शक्यता पावणेदोन पटीच्या आसपास जाते, तरुण बाईची साडेतीन पटीच्या. बीपी, नैराश्य आणि सिगारेट यांचाही फटका बायकांनाच जास्त. सिगारेट वाचून आमच्याकडच्या बायका हसतील. पण बाजारच्या दिवशी माझ्या दुकानाबाहेर बसणाऱ्या निम्म्या भाजीवाल्यांच्या दातांना मशेरी असते. आणि तंबाखू न ओढता तोंडात धरला तरी हृदयाला तो लागतोच.

वहिनींना दुसऱ्या बाळंतपणात साखर निघाली होती. नंतर नॉर्मल आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि १४ वर्षं कुणी तपासली नाही. मीही नाही, माझ्या दुकानात ग्लुकोमीटर विकायला ठेवलेला असताना. गरोदरपणात साखर किंवा बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयाचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. पण बाळंतपणाची फाईल बाळाच्या झबल्यांबरोबर ट्रंकेत जाते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. त्यात ज्यांचे बीजकोशही गेले, त्यांच्या हृदयाला पाळी चालू असेपर्यंत मिळणारं हार्मोन्सचं कवच तिशी-पस्तिशीतच उतरलं. त्यांच्या हृदयाचं पुढे काय, हे विचारलेलं मला तरी कुठे ऐकू आलं नाही.

आता कुणी बाई स्वतःसाठी गॅसची गोळी मागायला आली की मी विचारतो: चालल्यावर वाढतं का? घाम फुटतो का? जबडा, खांदा, पाठ? साखर आहे? बाळंतपणात होती? परवा एक मावशी भडकल्या, "गोळी द्यायची तर दे, पंचनामा कशाला करतोस?" एकीला मात्र गोळी न देता समोरच ईसीजीला पाठवलं. नॉर्मल आला. तिच्या नवऱ्याने येऊन दोन-तीनशे रुपये पाण्यात घातल्याबद्दल मला सुनावलं. ऐकून घेतलं.

ही पोस्ट टाकायच्या आधी वहिनींना वाचून दाखवली. गोळ्यांचा डबा भरत त्या ऐकत होत्या, सोमवार, मंगळवार, बुधवार. फोनचं वाचलं तेव्हा हात थांबला.

"भाऊजी, छातीचं मी आधी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पित्ताचं नंतर."