172114

आज दुपारी परत तेच. कार्टमध्ये गुडघ्याचा पट्टा, पैसे भरायची तयारी, पत्ता टाकला, पिन टाकला 172114, आणि लाल अक्षरांत उत्तर आलं: 'या पिनकोडवर ही वस्तू पोहोचवता येणार नाही.' हे तिसरं ॲप. नावं घेत नाही, सगळी एकाच माळेतली आहेत.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. म्हणाला, "मॅडम, जवळचा एखादा दुसरा पिनकोड द्याल का?"

जवळचा! अरे बाळा, तो पिन काझाचा आहे. हिमाचलातल्या स्पितीचा. त्याच्या शेजारचा पिन ताबोचा, तोही पन्नासेक किलोमीटर खाली. तिथल्या पासष्टीच्या बाईने दुखरा गुडघा घेऊन पन्नास किलोमीटर जायचं, कशासाठी, तर गुडघ्याचा पट्टा आणायला.

त्यावर तो म्हणतो, "मग जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवू का? केलांगला?" इथे माझा आवाज चढला, खोटं कशाला बोलू. लाहौल-स्पिती कागदावर एक जिल्हा आहे, पण लाहौल आणि स्पिती यांच्यामध्ये कुंझुम खिंड आहे, साडेचार हजार मीटरवर, आणि हिवाळ्यात ती बंद असते. तेव्हा काझाच्या माणसाला स्वतःच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर किन्नौर, रामपूर असं खाली उतरून, मंडी-मनालीवरून अटल बोगद्यातून पलीकडे निघावं लागतं. 2020 साली तो बोगदा झाला म्हणून निदान एवढं तरी. आधी तर रोहतांग खिंड बंद झाली की लाहौलच तुटायचा.

आणि गंमत बघा, पिनला हे सगळं माहीत आहे! केलांग 175132, काझा 172114. जिल्हा एक, पण पहिले तीन आकडे वेगळे. कारण पिन जिल्ह्याची हद्द बघत नाही, टपालाची थैली कुठल्या रस्त्याने जाते ते बघतो. स्पितीची थैली किन्नौरकडून सतलजच्या काठाने वर चढते. ज्याने हे आकडे लावले त्याला डोंगर कळला होता. ज्याने ॲप लिहिलं त्याला फक्त आकडे कळले.

आकडे लावणारा माणूस आपलाच बरं का. वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. 15 ऑगस्ट 1972 ला पिन सुरू झाला. कारण साधं होतं: एकाच नावाची ढीगभर गावं (आपल्याकडचे वडगाव मोजा, हाताची बोटं पुरायची नाहीत), दहा लिप्यांतले पत्ते, वाचता न येणारी अक्षरं. पत्र चुकू नये, माणूस सापडावा म्हणून सहा आकडे. आता तेच सहा आकडे टाकायचे आणि समोरून 'नाही' ऐकायचं. माणूस शोधायला केलेली सोय आज माणूस टाळायला वापरतात.

बरं, मान्य. जिल्हा जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा पसरलेला आणि 2011 च्या जनगणनेत माणसं 31,564. तिथे गोदाम उघडून कोणाला परवडणार? ठीक आहे. पण मग 'देशभर घरपोच'ची जाहिरात करू नका ना.

पट्टा कोणासाठी ते राहिलंच. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही काझाच्या वरच्या एका गावात चार दिवस राहिलो. घरातल्या म्हातारीला सगळे आमा म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. नुकताच मटारचा हंगाम संपला होता. महिनाभर वाफ्यात उकिडवं बसून शेंगा तोडलेल्या. संध्याकाळी ती तंदूरजवळ (तिकडे घर गरम ठेवायच्या शेगडीला तंदूर म्हणतात) पाय पसरून बसायची आणि जर्दाळूचं तेल गुडघ्याला चोळायची. तोंडाने हूं की चूं नाही. मी माझ्या ओढणीने तिच्या गुडघ्याचं माप घेतलं, ओढणीला गाठ मारली आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आमा, मैं पट्टा भेजूँगी." तिच्या नातवाने रेशनच्या पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. गाव, डाकघर, तहसील, जिल्हा, पिन. एवढा नीट पत्ता मला आमच्या सोसायटीचा सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हिक्कीमला गेलो. तिथलं पोस्ट 1983 पासून आहे, साधारण 4,400 मीटरवर. जगातलं सगळ्यांत उंच म्हणतात, त्यावर वाद घालणारे आहेतच, घालू देत. तिथून आईला एक पोस्टकार्ड टाकलं. एकोणीस दिवसांनी आलं, कोपरा दुमडलेला, शाई थोडी फुटलेली, पण आलं. आईने ते देवघरात बालाजीच्या फोटोला टेकवून ठेवलंय.

म्हणजे तिथून इथे येतं. मग इथून तिथे का जात नाही?

हे वाक्य टाइप केलं आणि थांबले. कारण जातं की. मीच वर्षभर ॲपं उघडून बसले होते, पोस्टात जायचा कंटाळा म्हणून. फोनवर त्या पोरावर ओरडले, त्याचा काय दोष? त्याच्या स्क्रीनवर लाल दिसलं, त्याने लाल सांगितलं. त्याला 'माफ कर रे' म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

चार वाजता कोपऱ्यावरच्या दुकानातून पट्टा घेतला आणि पोस्टात गेले. पुढे तीन माणसं होती. खिडकीतल्या बाईंनी पिन टाकला, स्क्रीनवर काझा आलं. त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. "आत काय आहे?" "गुडघ्याचा पट्टा." वजन, पैसे, पावती. हे सगळं सांगलीला पाठवत असल्यासारखं. मी उगाच विचारलं, "पोचेल ना?" तर म्हणाल्या, "पिन बरोबर आहे ना? मग?"

मघाशी नातवाला फोन केला. वर बर्फ पडलाय म्हणाला, पण काझापर्यंत रस्ता चालू आहे. आमाला फोन दिला, तिने 'जुले' (तिकडचा नमस्कार) म्हटलं, पुढचं मला काही कळलं नाही आणि माझं तिला.

आता एकच घोळ आहे. ती गाठ मारलेली ओढणी मध्येच कधीतरी धुवायला गेली आणि गाठ सुटली. दुकानात अंदाजाने लार्ज घेतलाय. तो सैल होणार असं आत्तापासूनच वाटतंय.