कन्नड घाटात रेंज कुठंय?
गाड्यांच्या आपसातल्या बोलण्यावरच्या लेखात लिहिलंय की ५जी टॉवर झाले की गाड्या आपोआप एकमेकींशी बोलतील. भाऊ, हे अर्धंच आहे. सी-व्ही२एक्समध्ये, म्हणजे मोबाईलच्या तंत्रावर गाड्यांनी बोलायच्या पद्धतीत, गाडी ते गाडी थेट बोलणं पण असतं, ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर, त्याला टॉवर लागत नाही अन् तेच खरं कामाचं, कारण आम्ही चाळीसगावहून कन्नड घाट चढतो तेव्हा रेंज जाते आणि पावसाळ्यात धुकं असं की पुढच्या केळीच्या ट्रकने ब्रेक मारला तरी कळत नाही. अमेरिकेने १९९९ला यासाठी ७५ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा राखून ठेवला, मग डीएसआरसी (वायफायसारखं जुनं तंत्र) की सेल्युलर (हेच सी-व्ही२एक्स) हाच घोळ, शेवटी २०२०ला त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायला देऊन मोकळे! आणि आपल्याकडे बिनलाईटची ट्रॉली कुठला मेसेज पाठवणार?