आगाऊ दिलेलं मत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सभागृहाच्या नेतृत्वाला, म्हणजे सभापतींना, निष्ठेची आगाऊ लेखी हमी लोकप्रतिनिधींनी देऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शिस्तीशिवाय सभागृह चालत नाही, हमी सदस्य राजीखुशीनेच देतात, आणि अशा सदस्यांना मी 'गुलाम' म्हटलं हा त्यांच्यावर अन्याय आहे. शेवटच्या मुद्द्यावर शेवटी येतो. पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, त्यामुळे आधी तोच घेतो.

तुम्ही अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा दाखला दिलात. जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी मतदानाच्या पंधराव्या फेरीत सभापती झाले आणि ३ ऑक्टोबरला २१६ विरुद्ध २१० मतांनी पायउतार झाले. त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांच्या बाजूने मत टाकलं. नवा सभापती मिळायला २५ ऑक्टोबर उजाडला आणि तोवर कामकाज जवळपास ठप्प होतं. हे सगळं खरं आहे आणि असं कुठल्याही सभागृहाच्या वाट्याला येऊ नये असंच मलाही वाटतं. पण तुम्ही याचा दोष निष्ठेच्या अभावाला देता. मला तो नियमात दिसतो. जानेवारीत मतं जुळवताना मॅकार्थींनी एक अट मान्य केली होती की सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव एकटा सदस्यही आणू शकेल. अशा नियमाखाली कुणाचंही आसन डळमळीतच राहणार. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सभागृहाने तो बदलला. आता असा प्रस्ताव यायला बहुमतातल्या पक्षाचे नऊ सदस्य लागतात. (बहुमतातल्याच पक्षाचे का, हे मला पटत नाही. पण तो वेगळा वाद.) म्हणजे दुरुस्ती झाली ती उघड, छापील नियमात. त्यासाठी कुणाकडून हमीपत्र लिहून घ्यावं लागलं नाही.

स्थैर्य आणि सदस्याचं स्वातंत्र्य एकत्र नांदू शकत नाहीत, हे तुमचं गृहीतकच मला मान्य नाही. जर्मनीची राज्यघटना बघा. कलम ३८ म्हणतं की सदस्य कुणाच्याही आदेशाला बांधील नाहीत, ते फक्त आपल्या सदसद्विवेकबुद्धीला उत्तरदायी आहेत. त्याच घटनेचं कलम ६७ म्हणतं की चॅन्सेलरला (तिथल्या सरकारच्या प्रमुखाला) अविश्वासाने हटवायचं असेल, तर त्याच वेळी बहुमताने त्याचा उत्तराधिकारी निवडावा लागेल. पाडायला मोकळीक आहे, पण पर्याय उभा केल्याशिवाय पाडता येत नाही. तिथेही पक्षशिस्त कडक असते, हे मला माहीत आहे. पण घटनेने स्थैर्याची सोय केली ती सदस्याचं मत आधी बांधून न घेता.

आता ज्या प्रसंगामुळे माझं मत पक्कं झालं, तो सांगतो. १९१० साली जोसेफ कॅनन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. कुणाला कोणती समिती द्यायची हे ते ठरवत, आणि कोणता प्रस्ताव चर्चेला येणार हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. त्यांना दुखावणाऱ्याची कारकीर्द तिथेच अडकून पडे. मार्चमध्ये त्यांच्याच पक्षाच्या जॉर्ज नॉरिस यांनी सभापतींना नियम समितीतून बाहेर काढणारा ठराव आणला. वादळी चर्चेनंतर तो १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. त्यावर कॅनन यांनी स्वतःच सांगितलं की आता सभापतिपद रिकामं झाल्याचा ठराव आणायचा असेल तर आणा. तो ठराव आला आणि पडला. ज्या बंडखोरांनी काही वेळापूर्वी त्यांचे अधिकार काढून घेतले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यांना पदावर ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. त्यांना खुर्ची पाडायची नव्हती. एका माणसाच्या मुठीतून सभागृह सोडवायचं होतं, आणि ते झाल्यावर ते थांबले. त्यांनी आधीच निष्ठा लिहून दिली असती, तर यातलं एकही मत देताना त्यांचे हात मोकळे नसते.

'राजीखुशीने' या शब्दावर मात्र मी अडतो. ज्याच्या हातात समित्यांच्या नेमणुका आहेत, बोलायला वेळ देणं आहे, विधेयक पुढे सरकवणं किंवा दाबून ठेवणं आहे, त्याच्यासमोर नवखा सदस्य हमीच्या कागदावर सही करतो तेव्हा त्याची खुशी किती आणि धास्ती किती? टेक्सास या अमेरिकी राज्याच्या प्रतिनिधिगृहात सभापतिपदाचे इच्छुक पाठिंब्याची लेखी हमी आधीच गोळा करतात, ही तिथली जुनी रीत. त्याच सभागृहात मे २००७ मध्ये सभापती टॉम क्रॅडिक यांनी स्वतःला हटवण्याचा प्रस्ताव मांडायची परवानगीच नाकारली आणि हा आपला निरंकुश अधिकार आहे असा दावा केला. नियमांचा सल्ला देणारे अधिकारी त्यावरून राजीनामा देऊन गेले. एकदा दिलेली हमी परत घेण्याची वाट कशी बंद होते, हे तिथे दिसलं. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने २००९ पासून सभापतींची निवड गुप्त मतदानाने करायला घेतली, ती याच दबावातून सदस्याला सोडवण्यासाठी. हमीपत्र आधीच खिशात असेल तर त्या गुप्ततेला काय अर्थ उरतो?

शिस्तीचं महत्त्व मी नाकारत नाही. सरकार टिकणार की जाणार, अर्थसंकल्प मंजूर होणार की नाही, अशा वेळी पक्षाने आपल्या सदस्यांना बांधून घेणं मला समजतं; ज्या जाहीरनाम्यावर ते निवडून आले, त्याची ती बांधिलकी आहे. सभापतींच्या आसनाचं तसं नाही. डिसेंबर १९५४ मध्ये लोकसभेत ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध अध्यक्षपदावरून हटवण्याचा ठराव आला. प्रचंड बहुमत हाताशी असताना नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की इथे कुणावर पक्षादेश नाही, हवं तसं मत द्या. ठराव फेटाळला गेला. त्या दिवशी मावळंकरांना जो विश्वास मिळाला त्याला वजन आहे, कारण तो आगाऊ लिहून घेतलेला नव्हता. नेहरूंनी ठरावावर तीव्र नाराजी दाखवली, तरी मतं मात्र बांधली नाहीत.

तुम्ही विचारलंत, 'नेतृत्व तुमच्या पसंतीचं असतं तरी हेच म्हणाला असता का?' हो. उलट पसंतीच्या नेत्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याच्या चुका आपल्याला उशिरा दिसतात आणि तोवर सही होऊन गेलेली असते. त्या नेत्याला मी मत देईन, त्याच्यासाठी भांडेनही, पण उद्याचं मत आज लिहून देणार नाही.

'गुलाम' या शब्दाबद्दल मात्र तुमचंच बरोबर आहे. पहिल्यांदाच निवडून आलेला, मतदारसंघाची कामं मार्गी लागावीत म्हणून सही करणारा सदस्य गुलाम नसतो; त्याला कोंडीत पकडलेलं असतं. माझा राग कोंडी करणाऱ्यावर होता आणि मी तो कोंडीत सापडलेल्यावर काढला. ते वाक्य लेखातून आज काढून टाकतो आहे.