न उडणाऱ्या 'उडत्या' माशाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सी-मॉथ या समुद्रतळाशी राहणाऱ्या छोट्या माशावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच झडती घेतली आहे. मासा 'चालतो' हे तुम्हाला पदरचं वाटलं. 'कात टाकतो' ही सापाकडून केलेली उसनवारी वाटली. ज्याच्या शास्त्रीय नावातच उडणं आहे, त्याच्या उडण्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, हीही तक्रार आहे. शिवाय 'आयुष्यभराची जोडी' या शब्दांवर तुम्ही बोट ठेवलंत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. डॅनियल हेरोल्ड आणि युजेनी क्लार्क या संशोधकांनी तांबड्या समुद्रातल्या युरिपेगॅसस ड्रॅकोनिस या सी-मॉथच्या जातीवरचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नर-मादी जोडीनं राहतात आणि जोडीदार बदलत नाहीत असं दिसलं. पण पाहणीचा काळ वेगळा आणि आयुष्य वेगळं. 'आयुष्यभर' हा शब्द माझ्या हौसेचा होता, तो काढला आहे.

चालण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. जेमतेम बोटाएवढ्या या माशाचं धड हाडांच्या तकटांनी बनलेल्या पेटीत बंद असतं. ही तकटं एकमेकांना इतकी घट्ट जुळलेली असतात की धड वाकतच नाही. वाकते ती फक्त कड्याकड्यांची शेपटी. त्यात पोटात हवेची पिशवीही नाही, म्हणजे पाण्यात अधांतरी तरंगणं आलंच नाही. मग त्यानं करावं काय? पोटाखालचे दोन पर पायांसारखे टेकत तो समुद्री गवतातून, वाळूवरून, तुटक्या प्रवाळांच्या चुऱ्यातून सरकतो. तोंडही खालच्या बाजूला, लांब नाकाडाच्या मागे. ते नळीसारखं पुढे काढून तो तळातले किडे आणि बारीक कवचधारी जीव ओढून घेतो. याला 'चालणं' म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा, मी वापरीन.

कातीबद्दल तुमचा गोंधळ खेकड्यामुळे झाला असावा. खेकडा वाढताना आख्खं कवच टाकतो. हा मासा हाडांची पेटी टाकत नाही. तिच्यावरचा त्वचेचा पातळ थर तेवढा उतरवतो, तोही बहुतेक वेळा एकसंध, आणि काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा. तळाशी संथपणे वावरणाऱ्या अंगावर शेवाळ आणि परजीवी चढणारच, त्यांना झटकण्याचा हा उपाय असावा असं मानतात. पानासारखा दिसणारा लीफ स्कॉर्पियनफिशही असाच बाहेरचा थर टाकतो, तेव्हा माशांत हे अगदीच जगावेगळं नाही.

आता उडणं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये याच्या एका भाऊबंदाचं नाव पेगॅसस व्होलिटान्स ठेवलं: ग्रीकांचा पंखवाला घोडा, आणि वर 'उडणारा' हे विशेषण. छातीचे आडवे पसरलेले पर पाहिले की मोह होतोच. (वाळवल्यावरही या माशाचा आकार मोडत नाही, म्हणून शोभेच्या वस्तूंत आणि चिनी पारंपरिक औषधांच्या व्यापारात तो पंख पसरलेलाच दिसतो.) पण पाण्याबाहेर झेप घेऊन तरंगत जाणारे पाखरू मासे वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. सी-मॉथ हे पर एरवी तळाशी अंगालगत आडवे धरून बसतो. डिवचलं तर ते झटकन उघडतो आणि त्यांची रंगीत किनार दिसते. नाव म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी ते विषयातच घेतलं नव्हतं.

तरीही तुमच्या हट्टाला थोडी जागा आहे. संध्याकाळी उजेड मावळत असताना जोडी पोटाला पोट लावून तळापासून साधारण मीटरभर वर चढते, अंडी पाण्यात सोडते आणि पुन्हा खाली येते. अंडी प्रवाहाबरोबर निघून जातात. आईबाप परत वाळूवर, पायी.