अनुदानेच्छू शाळेने काय करावे

वडोदऱ्यातील एखाद्या जुन्या ग्रांटेड, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी शाळेचे मुख्याध्यापकपद आपल्याकडे असेल आणि सुरक्षितता व तंत्रज्ञान यांसाठी अनुदान मागायचे असेल, तर शाळेला नेमके काय हवे आहे हा विचार सर्वप्रथम डोक्यातून काढून टाकावा. गरज आधी ठरवून मग योजना शोधणारे हात हलवीत परत येतात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत संगणक प्रयोगशाळेसाठी एकरकमी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत, तर स्मार्ट वर्गासाठी २ लाख ४० हजारांपर्यंत तरतूद आहे. जिन्याच्या डुगडुगणाऱ्या कठड्याचे नाव तिथे असे ठळक अक्षरांत आढळत नाही. तेव्हा कठडा डुगडुगू द्यावा आणि मुले डिजिटल युगात मागे पडत असल्याची काळजी दोन पानांत व्यक्त करावी. प्रारंभी सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केल्याचा उल्लेख जरूर असावा. त्याला खर्च येत नाही.

यू-डायस प्लस या शाळांची वार्षिक माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीच्या माहितीपत्रकात संगणक किती आणि त्यांपैकी चालू किती, असे दोन निरनिराळे आकडे मागतात. सगळे चालू लिहिले तर नवे कशाला हवेत, आणि सगळे बंद लिहिले तर सांभाळले कोणी नाहीत, अशी पृच्छा होऊ शकते. म्हणून गतवर्षीचेच आकडे उतरवावेत. सातत्य हा सरकारी कागदाचा फार मोठा गुण मानला जातो.

सुरक्षिततेच्या प्रकरणाला मात्र अंमळ जास्त कष्ट पडतात. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांना अग्निशामक साधने बसवण्याचा, तसेच कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. यांपैकी साधने बसली. प्रशिक्षण भिंतीवर टांगता येत नसल्यामुळे ते राहून गेले असावे. आपल्या व्हरांड्यातील लाल सिलिंडरवरची तबकडी पाहावी. काटा हिरव्या पट्ट्यातून घसरून लाल पट्ट्यात गेला असेल, तर सिलिंडर किंचित भिंतीकडे वळवून मगच छायाचित्र काढावे. पिन गंजून जागीच बसली असली तरी हरकत नाही, छायाचित्रात गंज आणि रंग यांत फारसा फरक कळत नाही. मागच्या आपत्कालीन दाराला कुलूप असते, कारण ते उघडे ठेवले तर मुले पळून जातात. किल्ली शिपाईभाऊंच्या खिशात असते आणि शिपाईभाऊ बँकेत गेलेले असतात. ते परत येईपर्यंत कॅमेरा तयार ठेवावा, दार उघडून, बाके बाजूला सारून, एक छायाचित्र घ्यावे आणि कुलूप पुन्हा लावावे.

सीसीटीव्हीचे कॅमेरे कुठे बसवावेत, याबद्दल मतभेद नसावा: शिक्षकांच्या हजेरीपटासमोर.

रक्कम आली की ३१ मार्चच्या आत ती खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात पैसे ठरलेल्या कामासाठीच वापरले, एवढेच लिहायचे असते; नव्या पडद्यावरचे प्लास्टिक काढले की नाही, हे कोणी विचारत नाही. प्रयोगशाळेला कुलूप लावून किल्ली स्वतःकडेच ठेवावी, कारण वापरलेली वस्तू बिघडते आणि बिघडलेली वस्तू लेखापरीक्षणात अडचणीची ठरते. दोन-तीन वर्षांत यूपीएसच्या बॅटऱ्या आपसूक बसतील. तेव्हा उन्नतीकरण या शीर्षकाखाली नवा अर्ज करावा, छायाचित्रे जुनीच जोडावीत, फक्त कोपऱ्यातला दिनांक तेवढा कापून टाकावा.